तीन गोळ्यांत ब्रह्मज्ञान

वीकांत आला की आमच्या टेक्सासातलं निम्मं ऑफिस शूटिंग रेंजवर सापडतं. मीही जातो. रायफल मित्राची, एक्सेल शीट माझी.

गेल्या नोव्हेंबरात या मित्राने ३०० यार्डांवरून हरणावर गोळी झाडली. ती पोटात लागली. अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढला, हरीण काही सापडलं नाही. आणि साहेबांचा निष्कर्ष काय? "ते नळीला बांधायचं क्रोनोग्राफ भंगार आहे."

माफ करा, भंगार यंत्र नाही, वापरायची पद्धत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मॅग्नेटोस्पीड छापाचं हे यंत्र म्हणजे नळीच्या तोंडाशी पट्ट्याने बांधायची संगीनच. तिच्यात एकापुढे एक दोन विद्युतचुंबकीय सेन्सर. गोळी आधी एकावरून जाते, मग दुसऱ्यावरून. मधल्या अंतराला लागलेल्या वेळाने भागलं की झाला वेग. शाळेतलं गणित! फक्त सेकंदाला २६०० फूट जाणारी गोळी सहा इंच कापायला २०० मायक्रोसेकंदही घेत नाही, एवढंच. प्रकाशावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांना जरा ढग आला की घेरी येते, हे मात्र अंधारातही चालतं.

पण नळीच्या टोकाला वजन लटकवलं की नळीची थरथर बदलणारच, आणि गोळी लागायची जागाही. आमच्या पठ्ठ्याने यंत्र बांधलेलं असतानाच १०० यार्डांवर रायफल झीरो केली आणि मग ते काढून शिकारीला गेला. नंतर आम्ही कागदावर दोन्ही प्रकारे मारून बघितलं. फरक दोन इंच. १०० वर दोन म्हणजे ३०० वर सहा. हरणाला तेवढे पुरले. डीबग लॉग चालू असताना पळणारा प्रोग्राम लॉग काढल्यावर कोसळला, तर आपण लॉगला शिव्या घालतो का? (घालतो म्हणा. पण घालू नयेत.) वेग मोजायचा तेव्हा वेग मोजा, नेम बघायचा तेव्हा यंत्र काढा. दोन्ही कामं एकाच गोळीत उरकायची हौस कशाला?

दुसरी जमात तीन गोळ्यावाल्यांची. तीन गोळ्या मारायच्या, स्क्रीनवर प्रमाण विचलन आठ फूट दिसलं की फोटो काढायचा. अहो, तीन गोळ्यांवरून आलेल्या आठचा अर्थ ९५ टक्के खात्रीने इतकाच, की खरा आकडा चार ते पन्नासच्या मधे कुठेतरी आहे! दहा गोळ्या मारल्यात तर हीच कक्षा साधारण साडेपाच ते साडेचौदा होते. प्रोग्राम तीनदा पळवून स्लाइडवर 'परफॉर्मन्स सुधारला' लिहिणारे आपणच, त्यामुळे हसायची सोय नाही.

तिसरे म्हणतात, मोजायचंच कशाला, खोक्यावर वेग छापलाय की. तो कंपनीच्या चाचणीच्या नळीचा, बऱ्याचदा २४ इंची. तुमची नळी २० इंची असेल तर सेकंदाला शंभर फूट कमी भरणं अगदी साधारण. .३०८ च्या १६८ ग्रेनच्या गोळीला ५०० यार्डांवर त्याने पाचेक इंच जास्त खाली आणलं. पुन्हा पोटच.

बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रजाने १७४२ साली लाकडी लोलकावर गोळी झाडून, तो किती झुलला त्यावरून तिचा वेग काढला होता. हा गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे किल्ले दुरुस्त करायला आपल्याकडे आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. त्याच्याकडे मायक्रोसेकंद नव्हते, पण आपला लोलक काय मोजतो आणि काय मोजत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता तर रडारवाली यंत्रं आलीत, नळीला काही बांधायलाच नको. मित्राने लगेच घेतलंय. कालच त्याचा फोटो आला. गोळ्या किती? तीन.

असो. कागदाला चुकीची गोळी लागली तर कागद ओरडत नाही. हरीण रात्रभर झाडीत पडून राहतं.