झाडाला हात न लावणे ही दया नव्हे



गेल्या हिवाळ्यात मी बेर शेवातील आमच्या अंगणातल्या सफरचंदाची छाटणी करीत होतो. तेवढ्यात कुंपणापलीकडून आपल्याच समाजातील एक वडीलधारे काका म्हणाले, "अरे, फळझाडावर करवत? तोरात काय लिहिले आहे ते विसरलास का?" मी विसरलो नव्हतो, पण वडील माणसाला रस्त्यात उलट उत्तर देणे बरे नव्हे, म्हणून ते येथे देतो. काकांचाच समज आपल्या घराघरांत आहे आणि त्यापायी अंगणातील चांगली झाडे वाया जात आहेत.

देवारीमच्या 20 व्या अध्यायात, शहराला वेढा घातला असता तेथील फळझाडे तोडू नयेत असे सांगितले आहे. ती आज्ञा नासाडीविरुद्ध आहे. दुसऱ्या झाडांना अपाय करणारे फळझाड तोडायलाही रामबामने मुभा दिली आहे. मनाई आहे ती नासाडीच्या हेतूने तोडण्याला. मग झाड जगावे, फळावे म्हणून काढलेली फांदी ही नासाडी कशी? वायिक्राचा 25 वा अध्याय उघडून पाहा. सहा वर्षे द्राक्षमळ्याची छाटणी करावी, सातव्या वर्षी करू नये, असे तेथे आहे. आपल्याला सातवे वर्ष तेवढे आठवते, आधीची सहा आठवत नाहीत! जो कधी छाटतच नाही, त्याला शमिताची बंदी कसली? मागचे शमिता वर्ष 5782, म्हणजे 2021-22 होते. पुढचे 5789, म्हणजे 2028-29 मध्ये येईल. त्या वर्षी रब्बींना विचारून चाला. बाकीची सहा वर्षे मात्र आपली जबाबदारी आहे. यशया नबीने शांतीच्या काळी भाल्यांचे काय होईल म्हणून सांगितले? मझमेरोत! दुकानात छाटणीची कात्री मागताना आपण जो शब्द वापरतो, तोच हा शब्द.

खरे सांगायचे तर आपली अडचण तोराची नाही, कोकणाची आहे. आपल्या वाडवडिलांच्या वाडीत आंबा, फणस, नारळ, सुपारी. रायवळ आंबा घरावर घर चढावे तसा वाढे, त्याला कोणी कात्री लावीत नसे. सफरचंद तर आपण बाजारातच पाहिलेले. येथे आल्यावर अंगणात 'अन्ना' लावले. सौम्य हिवाळ्यातही फळणारी ही जात एन शेमेर किबुत्झच्या अब्बा स्टाइन यांनी तयार केली, म्हणून तर आपल्या दारी सफरचंद येऊ शकले. पण झाड नवे आणि शास्त्र जुने, आंब्याचे, असा आपला कारभार!

याची किंमत मी मोजली आहे. आमचे झाड वडिलांनी लावले. त्यांनी सात वर्षे त्याला हात लावू दिला नाही. झाडाच्या पोटात दिवसा अंधार. फळे फक्त शेंड्याला. एका जूनमध्ये फळांनी लगडलेली मोठी फांदी बेचक्यातून फाटली आणि खोडाची साल घेऊन खाली आली. वडील त्या संध्याकाळी खुर्ची टाकून झाडापाशी बसले, जेवायलाही उठले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात मी यंत्रवाला माणूस बोलावला. त्याने कुंपणाची मेंदी कापावी तसे झाड गोल भादरले. फळे धरणाऱ्या आखूड, गाठीदार काड्या कचऱ्यात गेल्या. प्रत्येक तोडलेल्या टोकाशी चार-चार सरळसोट पानसोट फुटले आणि उघडी पडलेली साल उन्हाने करपली. आगीतून फुफाट्यात!

तेव्हा दया म्हणून सोडून देऊ नका आणि हौस म्हणून भादरू नका. जानेवारीत, डोळे फुगण्याआधी, स्वतः झाडापाशी उभे राहा. आधी वाळलेली, रोगट आणि एकमेकींवर घासणारी फांदी काढा. मग आत वळलेली, मग पानसोट आणि कलमाच्या सांध्याखालून, खुंटातून आलेले फुटवे. फांदी काढायची तर तिच्या बुडापासून काढा; पण बुडाशी असलेला फुगीर कंगोरा राखा, जखम तेथूनच भरते. खुंटी ठेवू नका, ती कुजते. आखूड फळकाड्यांना हात लावू नका. ऊन मिळाले तर त्या वर्षानुवर्षे फळतात. एका वर्षी पावपेक्षा जास्त झाड काढू नका, उघड्या खोडाला पांढरा चुना लावा. रोगट फांदी कापल्यावर पाते स्पिरिटने पुसा.

कोणी म्हणेल, पहिली तीन वर्षे ओर्ला, फळ खायचेच नाही, तर झाडाकडे बघायचे कशाला? अहो, झाडाला वळण लावायची वर्षे नेमकी तीच! तेव्हाच तीन-चार चांगल्या फांद्या निवडा, उभ्या जाणाऱ्या फांदीला दोरी बांधून तिरकी करा. लहानपणी लावलेली दोरी म्हातारपणीची करवत वाचवते.

वडील आता नाहीत. त्यांचे झाड आहे. एका बाजूला फाटल्याचा व्रण आहे, पण पोटात ऊन पोचते आणि खालच्या फांदीची फळे नातवंडे हाताने तोडतात. तू बिश्वातला आपण एलियाहू हन्नबीचा मलीदा करतो, ताटात फळे मांडतो, प्रत्येकाची बेराखा म्हणतो. त्या ताटाशी बसण्यापूर्वी आपल्या दारच्या झाडाकडे एकदा वर मान करून पाहा. आत आभाळ दिसते का? दिसत नसेल तर मझमेरा हातात घ्या.

आणि काका, रागावू नका. जूनमध्ये पिशवी घेऊन या.