पाटे वाढले, पासिंग वाढले काय?

विशेष प्रतिनिधी

'गाडी मागून फार बसते, दोन पाटे वाढवून टाका.' टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की नारायणगाव-आळेफाटा परिसरात आणि कांद्याच्या दिवसांत लासलगाव-पिंपळगाव बसवंत पट्ट्यात, महामार्गालगतच्या गॅरेजमध्ये हा सल्ला हमखास कानी पडतो. काम अर्ध्या दिवसाचे, खर्च आवाक्यातला आणि फरक लगेच डोळ्यांना दिसणारा. सकाळी मागच्या बाजूने जमिनीला टेकू पाहणारी पिकअप संध्याकाळी ताठ उभी राहते. मालक समाधानाने पैसे मोजतो आणि दुसऱ्या दिवशी हौद्यात आणखी वीस-पंचवीस क्रेट चढतात.

प्रश्न असा की, या अर्ध्या दिवसात वाहनाची ताकद खरोखर वाढली, की केवळ त्याचे बसणे थांबले? वरकरणी हा प्रश्न गॅरेजपुरता वाटेल. परंतु राज्यातील शेतमालाची वाहतूक मोठ्या प्रमाणावर ज्या वाहनांवर विसंबून आहे, त्यांच्या सुरक्षिततेचा तो प्रश्न आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, खेड तालुक्यात पाईटजवळ कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप घाटाच्या चढावर मागे घसरून दरीत कोसळली आणि किमान दहा महिलांना प्राण गमवावे लागले. त्या दुर्घटनेचा पाट्यांशी संबंध होता, असे येथे सुचवायचे नाही. मालवाहू वाहनातून माणसांची ने-आण हा तेथील मूळ दोष होता. मात्र पिकअप नेमके किती ओझे पेलू शकते आणि ते ठरवायचे कोणी, हा सवाल त्या घटनेने ऐरणीवर आणला.

बसणे हा दोष नव्हे

रिकामी पिकअप बाजूने पाहिली तर तिची मागची बाजू किंचित उंच दिसते. ती तशी मुद्दाम ठेवलेली असते. हौद्यात ठरलेला माल भरला की मागील पाटे दबतात आणि वाहन समतल होते. म्हणजे भाराखाली काही प्रमाणात बसणे हा रचनेचाच भाग आहे. ठरलेल्या भारातही गाडी प्रमाणाबाहेर बसत असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर पाटे जुने होऊन त्यांची कमान उतरली आहे किंवा एखादा पाटा तुटला आहे; नाही तर माल ठरलेल्यापेक्षा अधिक आहे. पहिल्या शक्यतेत दुरुस्ती हवी. दुसरीत वजन उतरवायला हवे. पाटे वाढवण्याचा उपाय या दोन्हींतला भेद पुसून टाकतो.

पाट्यांचे गणित सोपे आहे. सारख्या जाडीच्या व लांबीच्या पाच पाट्यांत सहावा घातला तर संचाचा कडकपणा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. जाडी वाढवली तर परिणाम कितीतरी पटींनी मोठा होतो, कारण कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटर जाडीचा पाटा वापरला तर तो जवळजवळ दुप्पट कडक असतो. गॅरेजमध्ये 'जरा जाड' म्हणून घातलेला पाटा प्रत्यक्षात किती फरक करतो, याची कल्पना यावरून यावी.

असे असले तरी ओझे पेलणारा घटक केवळ पाटा नसतो. मागील आस आणि तिचे हाउसिंग, चाकांची बेअरिंग, टायर, चासी आणि ब्रेक या साऱ्यांची मर्यादा उत्पादकाने एकत्रित विचारात घेतलेली असते. त्यांतील सर्वांत दुबळा घटक वाहनाची क्षमता ठरवतो. पाटा वाढला म्हणून टायरची क्षमता वाढत नाही की ब्रेकचा ड्रम मोठा होत नाही. साखळीची एक कडी जाड केल्याने साखळी बळकट होत नाही, इतकी ही साधी बाब आहे.

ब्रेकची फसगत

सर्वांत गंभीर परिणाम ब्रेकवर होतो, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. अनेक पिकअपमध्ये, विशेषतः जुन्या वाहनांत, मागील आस व चासी यांच्यामध्ये भार ओळखणारी झडप बसवलेली असते. वाहन रिकामे असताना मागील चाकांवर वजन कमी असते. त्या वेळी पूर्ण दाबाने ब्रेक लागला तर मागची चाके जाम होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. म्हणून झडप मागील ब्रेकचा दाब रोखून धरते. माल भरला की गाडी खाली बसते, आस व चासीमधील अंतर घटते आणि झडप अधिक दाब सोडते.

थोडक्यात, ही झडप वजन मोजत नाही. गाडी किती बसली, हे मोजते. पाटे वाढवून गाडी बसूच दिली नाही, तर हौदा काठोकाठ भरलेला असतानाही झडपेच्या लेखी वाहन रिकामेच राहते. परिणामी मागील ब्रेकला पुरेसा दाब मिळत नाही आणि थांबवण्याचा सारा बोजा पुढील ब्रेकवर पडतो. पाटे बदलल्यावर झडपेची जुळणी नव्याने करावी लागते. गॅरेजमध्ये ती होतेच असे नाही. नव्या वाहनांत हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. तिथे ही फसगत टळली, तरी ब्रेकची मूळ ताकद आहे तेवढीच राहते.

घाटाच्या उतारावर याची किंमत मोजावी लागते. उदाहरणादाखल, १७०० किलो वजनाची पिकअप १५०० किलो माल घेऊन निघाली तर एकूण वजन ३२०० किलो भरते. तीच २५०० किलो माल घेऊन निघाली तर ते ४२०० किलो होते. वेग तोच धरला तरी गाडी थांबवताना ब्रेकला सुमारे ३१ टक्के अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. माळशेज किंवा कसाऱ्यासारख्या घाटांत वारंवार दाबल्याने तापलेले ब्रेक नेमके याच ठिकाणी दगा देतात.

चालकाचा अनुभव खोटा नाही

पाटे वाढवणाऱ्या चालकांचे म्हणणे निव्वळ अडाणीपणाचे मानणे अन्यायाचे ठरेल. कडक पाट्यांवर गाडी वळणावर कमी झुलते, हे खरे आहे. खड्ड्यात आस वर येऊन आदळत नाही, हेही खरे आहे. गाडी बसली की हेडलाइटचा झोत वर उचलला जातो, ही तक्रारही रास्त आहे. तीन मीटर लांबीच्या चाकतळावर मागची बाजू साठ मिलिमीटर अधिक बसली तर झोत दोन टक्क्यांनी वर चढतो. खालच्या झोताला दिलेला उतार साधारण एक टक्क्याच्या आसपास असल्याने तो सरळ समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो.

परंतु या प्रत्येक तक्रारीला दुसरे उत्तर उपलब्ध आहे. हेडलाइटची पातळी बदलण्याची कळ अनेक वाहनांत असते. ती वापरली जात नाही, इतकेच. झुलण्यामागे अनेकदा निकामी झालेले शॉकअॅब्सॉर्बर आणि झिजलेले बुश असतात. शिवाय पाटे वाढल्याने गाडी उंचावते, तेव्हा तिचा गुरुत्वमध्यही वर सरकतो. गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरवरून ९५ सेंटिमीटरवर गेला तर उलटण्याला होणारा विरोध पाच टक्क्यांहून अधिक घटतो. झुलणे कमी झाल्याने चालकाला सुरक्षित वाटू लागते, आणि धोक्याची आगाऊ सूचना देणारी खूणच नाहीशी होते.

परतीच्या प्रवासाचाही विचार व्हायला हवा. माल उतरवून रिकामी निघालेली पिकअप कडक पाट्यांवर उसळते. चाक क्षणभर रस्ता सोडते आणि त्याच क्षणी ब्रेक लागला तर गाडी तिरकी होते. भाड्याच्या दृष्टीनेही हा सौदा सुखाचा नाही. द्राक्षे व टोमॅटो यांसारखा नाजूक माल धक्क्यांनी दुखावतो. अधिक क्रेट नेण्याच्या नादात तळातील क्रेटचा भाव उतरला, तर तो तोटा शेतकऱ्याच्या पट्टीत दिसतो. वाहनमालकाच्या हिशेबात नव्हे.

अमेरिकेतील उलटा प्रकार

वाहनाची उंची बदलण्याचा हा सोस केवळ आपल्याकडचा नाही. पिकअपचे माहेरघर असलेल्या अमेरिकेत पुढची बाजू एक-दोन इंच उचलून गाडी समतल करण्याचे तयार संच सर्रास विकले जातात. तेथे हेतू बहुधा दिसण्याचा व मोठ्या टायरचा असतो. या हौसेने काही ठिकाणी इतके टोक गाठले की, पुढची बाजू आकाशाकडे आणि मागची जमिनीकडे अशा गाड्या रस्त्यांवर दिसू लागल्या. चालकाला समोरचे दिसेना आणि हेडलाइट समोरून येणाऱ्यांचे डोळे दिपवू लागले. अखेर नॉर्थ कॅरोलिना राज्याने १ डिसेंबर २०२१ पासून पुढील चाकावरील मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच असलेल्या गाड्यांवर बंदी घातली. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलिना या राज्यांनीही नंतर तसेच कायदे केले. तेथे हौस आहे, येथे पोट आहे. मात्र उत्पादकाने साधलेला तोल एका टोकाला बिघडवला की त्याचे परिणाम इतरत्र उमटतात, हा धडा दोन्हीकडे एकच आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी प्रमाणपत्रावर पाट्यांची संख्या छापलेली नसते, हा युक्तिवाद केला जातो. मात्र त्यावर एकूण वजनाची मर्यादा असते, आणि पाटे कितीही वाढवले तरी तो आकडा बदलत नाही. पासिंग दीड टनाचे असेल तर ते दीड टनाचेच राहते.

जादा भारासाठी कलम १९४ मध्ये वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. माल उतरवण्याचा खर्च निराळा. लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे हे कलम केवळ वाहन चालवणाऱ्याला लागू नाही. तसे वाहन चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही त्याच्या कक्षेत येतो. प्रत्यक्षात कारवाईचा रोख रस्त्यावर सापडलेल्या चालकावरच राहतो आणि माल भरून देणारा नामानिराळा राहतो.

याला आणखी एक पैलू आहे. साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्यामुळे अनेक तरुणांच्या रोजगाराचा मार्ग मोकळा झाला, हे स्वागतार्हच. पण ओझ्याने भरलेले वाहन घाटातून उतरवण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण नसलेला चालक आणि तोल बदललेले वाहन एकत्र आले की चुकीला वाव उरत नाही.

निवड कशी करावी?

पाटे वाढवण्यापूर्वी मालकाने प्रथम वजनकाट्यावर जावे. पूर्ण गाडीचे आणि केवळ मागील चाकांचे, अशी दोन वजने घ्यावीत. ती मर्यादेत असूनही गाडी बसत असेल तर उत्पादकाच्या मापाचे पाटे, तेही दोन्ही बाजूंना एकाच वेळी बदलावेत. शॉकअॅब्सॉर्बर, बुश, यू-बोल्ट आणि टायरमधील हवा तपासून घ्यावी. हे सारे अधिकृत कार्यशाळेत करून त्याची पावती जपून ठेवावी. अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न बदलांविषयीच विचारते.

वजन मर्यादेबाहेर जात असेल तर उत्तर गॅरेजमध्ये नाही. वीस किलोच्या क्रेटचा हिशेब धरला तर दीड टन पासिंगची गाडी पंचाहत्तर क्रेट नेऊ शकते. रोज शंभर न्यायचे असतील तर दोन टन भार पेलणारे वाहन घ्यावे. महिंद्र व टाटा या दोन्ही कंपन्यांनी २०२२-२३ च्या सुमारास तशी वाहने बाजारात आणली. त्यांत केवळ पाटे नव्हे, तर इतर भागही त्या भाराच्या हिशेबाने ठरवलेले असतात. मोठ्या गाडीचा हप्ता जड वाटतो खरा. पण पंचवीस क्रेटचे जादा भाडे आणि एका दंडाची रक्कम समोरासमोर ठेवली की हिशेब बराच बदलतो.

अर्थात सारा भार मालकाच्या विवेकावर टाकून चालणार नाही. क्रेटमागे भाडे ठरत असताना पंचाहत्तरवर थांबणारा मागे पडतो आणि शंभर भरणाऱ्यालाच पुढची फेरी मिळते. या स्पर्धेत प्रामाणिक मालकाची कोंडी होते. बाजार समित्यांत माल मोजूनच घेतला जातो. कोणत्या गाडीत किती वजन आले, हे तेथे लपत नाही. तो आकडा वाहनाच्या पासिंगशी ताडून पाहिला आणि जादा माल भरून देणाऱ्यालाही कलम १९४ खाली जबाबदार धरले, तर पाटे वाढवण्याचे कारणच बऱ्याच अंशी उरणार नाही.

मागून बसलेली गाडी चालकाला, ब्रेकला आणि रस्त्यावरच्या पोलिसालाही एकच गोष्ट सांगत असते: ओझे जास्त झाले आहे. वाढीव पाटे ते ओझे कमी करत नाहीत. केवळ ही सूचना बंद करतात. घाटाच्या उतारावर ती ऐकू येणे किती गरजेचे होते, हे कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.