चालताय ना? आता गोडाऊनही मोठं करा!

उद्योजक मित्रांनो, बारा तास गल्ल्यावर बसून धंदा वाढतो, पण सोबत पोट आणि शुगरही वाढते. मग आपण सकाळी अर्धा तास चालतो आणि विषय संपवतो. चालणं उत्तमच. हृदय आणि दम त्यानेच सुधारतो. पण माझं स्पष्ट मत आहे, तेवढ्यावर थांबू नका.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त कोण उचलतं? आपले स्नायू. म्हणजे स्नायू हे शरीराचं गोडाऊन. गोडाऊनच लहान असेल, तर माल बाहेरच पडून राहणार ना?

अमेरिकेत टाइप २ मधुमेहाच्या २६२ रुग्णांवर नऊ महिने झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी फक्त कार्डिओ केलं, काहींनी फक्त वजनं उचलली, काहींनी दोन्ही. वेळ साधारण सारखाच. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत एचबीए१सी ठळकपणे घटलं ते फक्त दोन्ही करणाऱ्यांचं!

म्हणून आठवड्यात पाच दिवस अर्धा तास झपझप चाला आणि दोन दिवस जोर-बैठका मारा. शुगर-बीपीची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. जिमची फी लागत नाही. उद्या शटर उघडण्याआधी दहा बैठकांपासून सुरुवात करा.