मोतीबागेत ‘मोती’ही फिरू द्या

जालन्यात पहाटे फिरायला जायचे म्हणजे मोतीबाग नाहीतर मोती तलावाचा काठ. सोबत पाळीव कुत्रा असला की कुरबुर ठरलेली. कुणाला चावण्याची भीती, कुणाला घाणीचा संताप. दोन्ही तक्रारी रास्त आहेत, पण सरसकट बंदी हा आळशी उपाय. भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्येच बंदीऐवजी वेळा ठरवून देण्याचा मार्ग सुचवला होता.

२०२३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झालेल्या जालन्याला हे अवघड नाही. पहाटेचा ठरावीक तास, हातात आखूड साखळी, रेबीज लसीचा दाखला आणि विष्ठा मालकानेच उचलायची. (या शेवटच्या अटीवर बऱ्याच श्वानप्रेमींचे प्रेम आटते!) निष्काळजी मालकासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आहेच: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तापलेल्या डांबरावर पंजे भाजतात. म्हणजे पहाटेची वेळ कुत्र्याच्याही सोयीची.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न निराळा. त्याला निर्बीजीकरण आणि लसीकरणच हवे. त्याचा राग साखळीतल्या कुत्र्यावर काढू नये. फाटकावर वेळेची पाटी, आत झाकणाची कचराकुंडी, एवढा खर्च अंदाजपत्रकात सहज बसेल.