जोडे, कवटी आणि नोंदवही

डॉ. जॉन युजीन ऑस्बोर्न (1858–1943) हे अमेरिकेतील वायोमिंगचे डॉक्टर, मेंढ्यांचे बडे मालक आणि राजकारणी. जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टपोर्टचा. 1880 मध्ये व्हर्मांट विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन ते वायोमिंग टेरिटरीतल्या रॉलिन्स गावी आले आणि युनियन पॅसिफिक रेल्वेचे सर्जन झाले.

पुढल्याच वर्षीचे एक प्रकरण त्यांना जन्मभर चिकटले. ‘बिग नोज’ जॉर्ज पॅरट हा दरोडेखोर दोन कायदा अधिकाऱ्यांच्या खुनाबद्दल फाशीची वाट पाहत रॉलिन्सच्या तुरुंगात होता. 22 मार्च 1881 रोजी त्याने जेलरवर हल्ला करून पळायचा प्रयत्न केला. जमावाने त्याला बाहेर ओढले आणि तारेच्या खांबाला लटकवले. प्रेतावर कोणी हक्क सांगितला नाही, म्हणून ते डॉ. थॉमस मॅगी आणि 22 वर्षांचे ऑस्बोर्न यांनी घेतले. गुन्हेगाराच्या मेंदूत काही वेगळे दिसते का, हे पाहायचे होते. मेंदूत काहीच वेगळे निघाले नाही. करवतीने काढलेली कॅल्व्हेरिया, म्हणजे कवटीची वरची टोपी, मॅगींची किशोरवयीन मदतनीस लिलियन हीथ हिला मिळाली. ऑस्बोर्न यांनी चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला. छातीची आणि मांड्यांची कातडी सोलून डेन्व्हरला कमवायला पाठवली आणि तिचे जोडे करून घेतले. मेंदूच्या तपासणीला विज्ञान म्हणता येईल, जोड्यांना नाही. उरलेला देह मिठाच्या पाण्यात, व्हिस्कीच्या पिंपात वर्षभर राहिला आणि नंतर मॅगींच्या दवाखान्यामागे पुरला गेला. त्याचा कागद कोणीच केला नाही.

ऑस्बोर्न यांच्या बढतीला याने कुठे खीळ बसली नाही. 1883 मध्ये ते टेरिटरीच्या प्रतिनिधिगृहात बसले. 1884 पर्यंत वायोमिंगमध्ये एकट्याच्या मालकीच्या सर्वाधिक मेंढ्या त्यांच्याकडे होत्या. 1888 मध्ये ते रॉलिन्सचे महापौर झाले, आणि त्याच वर्षी नव्या तुरुंगाच्या बांधकाम आयोगाचे अध्यक्षही. ही नेमणूक करणाऱ्यांना सात वर्षांपूर्वीच्या कैद्याची आठवण झाली नसावी.

1890 मध्ये वायोमिंग राज्य झाले. 1892 ची गव्हर्नरपदाची निवडणूक ऑस्बोर्न यांनी जिंकली, पण निकालावर सरकारी शिक्का बसायला वेळ होता. त्यांना तेवढा धीर नव्हता. 2 डिसेंबरला त्यांनी एका नोटरीसमोर शपथ घेऊन टाकली. हंगामी गव्हर्नर एमॉस बार्बर खुर्ची सोडेनात, आणि बार्बरही डॉक्टरच! 2 जानेवारी 1893 ला रीतसर शपथविधी झाला. त्या वेळी पायात तेच जोडे होते, असे सांगितले जाते. पुढे काँग्रेसची एक मुदत, 1913 पासून काही वर्षे परराष्ट्र खात्यात सहायक सचिवपद, आणि शेवट रॉलिन्समध्येच.

11 मे 1950 रोजी रॉलिन्समध्ये बांधकामासाठी खणताना ते पिंप सापडले. आत हाडे होती आणि वरचा भाग कापलेली कवटी होती. तोवर वायोमिंगमधल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक म्हणून ओळखल्या गेलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या डॉ. लिलियन हीथ हयात होत्या आणि कॅल्व्हेरिया त्यांनी जपून ठेवली होती. ती कापावर नेमकी बसली. नोंदवही नसलेल्या माणसाची ओळख पटली ती एका बाईच्या दीर्घायुष्यामुळे. जोडे आज तिथल्या कार्बन काउंटी संग्रहालयात आहेत.

रॉलिन्स लांब आहे, पण बोन सेट लांब नाही. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला सीनियरकडून ज्युनियरकडे पोत्यात किंवा खोक्यात जाणाऱ्या त्या हाडांवर स्नायूंच्या ओरिजिन-इन्सर्शनच्या लाल-निळ्या रेघा असतात, जबड्यातून गळून पडलेल्या दाताच्या जागी कधी खडू असतो, मागच्या चार मालकांच्या खुणा असतात. माणूस कोण होता, याचा कागद बहुधा नसतो. भारताने मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर 1985 मध्ये बंदी घातली, तोवर जगभरच्या महाविद्यालयांना मुख्यतः इथूनच हाडे जात. देशातल्या कपाटांतली हाडे मात्र आहेत तिथेच राहिली. देह शरीररचना विभागात येतो तेव्हा पत्र, तारीख, सही, शिक्का यांत एक अक्षर चुकले तर गाडी दारात ताटकळते. त्याच देहाची हाडे उकळून, ब्लीच करून बाहेर पडली की कोणी काही विचारत नाही. नोंदींचे परिपत्रक वरून येईल तेव्हा पाहू, ही विभागप्रमुखांची सबब आता जुनी झाली. कपाट उघडायला परिपत्रक लागत नाही.

विभागांनी या सत्रातच प्रत्येक कवटी, प्रत्येक बरणी आणि प्रत्येक बोन सेटला क्रमांक द्यावा. कुठून आले, केव्हा आले, कोणत्या कागदावर आले, सध्या कोणाच्या हाती आहे, एवढे चार रकाने पुरतात. माहिती नसेल तिथे ‘माहिती नाही’ असे लिहून खाली सही करावी. वर्ष संपताना विद्यार्थ्यांनी संच विकू नये, विभागात जमा करावा. देहदानाचा अर्ज भरायला आलेल्या नातेवाइकाने ‘नंतर हाडांचं काय करता?’ असे विचारले, तर त्याच्यापुढे हीच वही ठेवता येईल.