नखांचं काम शिकलात. आता पार्लरची नोकरी की घरीच सुरुवात?

अलीकडे अवसरी बुद्रुक आणि मंचरच्या आसपासच्या मुली तपासायला येतात तेव्हा जाता जाता एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, नेल आर्टचा कोर्स झालाय. पुण्यात पार्लरमध्ये लागू, का इथं घरीच सुरू करू?" पगार, खोलीभाडं, चाकणच्या कोंडीत जाणारे तास, लग्नसराईतली कमाई, हा सगळा हिशेब घरच्यांनी आधीच मांडलेला असतो. त्यात एक रकाना मात्र नसतो. बोटांची कातडी बिघडली, तर घर कशावर चालणार?

माझं मत आधीच सांगते. पहिलं वर्षभर नोकरी करावी, पण मिळेल ती नव्हे. आणि चांगली नोकरी मिळत नसेल, तर वाईट नोकरीपेक्षा घरचं सावकाश चालणारं काम बरं.

हे असं का, ते कळायला आधी बाटलीत काय असतं ते पाहू. जेल पॉलिश असो की अ‍ॅक्रिलिकची पावडर आणि लिक्विड, दोन्हींत अ‍ॅक्रिलेट गटातली रसायनं असतात. ती पूर्ण घट्ट झाली की फारसा त्रास देत नाहीत. धोका असतो तो ओल्या किंवा अर्धवट घट्ट झालेल्या मालाचा. तो रोज थोडाथोडा बोटांना लागत राहिला, तर काही जणींचं शरीर त्या रसायनाला शत्रू समजू लागतं. ही अ‍ॅलर्जी एका दिवसात होत नाही, कधी महिने जातात, कधी वर्षं. पण एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. बोटांची टोकं खाजतात, सोलतात, भेगा पडतात. कधी बोटं ठीक असतात आणि पापण्याच सुजतात, कारण तोच हात डोळ्याला लागलेला असतो. मग जेलचं काम सोडावंच लागतं. शिवाय दातात भरायच्या सिमेंटमध्ये आणि सांधा बदलताना वापरायच्या सिमेंटमध्येही याच कुळातली रसायनं असतात, त्यामुळे पुढे प्रत्येक डॉक्टरला हे आठवणीनं सांगावं लागतं.

या रसायनांपैकी सगळ्यात जास्त तक्रारी असलेल्या 'हेमा'बद्दल युरोपीय संघानं २०२० मध्ये नियम केला, की ते असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनीच वापरावीत आणि अ‍ॅलर्जीचा इशारा वेष्टनावर छापावा. आपल्याकडे तसलं किट मोबाइलवर मागवलं की घरपोच येतं. शिकाऊ मुलगी त्यावर सराव करते तो स्वतःच्याच बोटांवर, मग बहिणीच्या. जेल एका कंपनीचं, दिवा दुसऱ्याच. दिव्याचा प्रकाश त्या जेलला जुळणारा नसेल, तर वरून कडक दिसणारं नख आतून कच्चं राहतं. घरी सुरुवात करणाऱ्यांबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. चूक दाखवणारं शेजारी कुणी नसतं, आणि कातडी तक्रार करते ती फार उशिरा.

चांगल्या पार्लरमध्ये जुनी ताई हातावर चापट मारून सांगते, "जेल कातडीला लागलं, आधी पूस." मला नोकरी हवी वाटते ती मुख्यतः या चापटीसाठी. दुसरं कारण आजारपणाचं. नोंदणी असलेल्या ठिकाणी महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर ईएसआयसाठी पगाराच्या ०.७५ टक्के कापतात. १५,००० पगारावर ते साधारण ११३ रुपये होतात. बाकीचा वाटा मालकाचा. त्यात उपचार मिळतात, ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि बाळंतपणाला २६ आठवड्यांची पगारी रजा. घरच्या कामात हात बसले की कमाई थेट शून्य. महात्मा फुले योजनेचा आधार आहे, पण तो मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांना. भेगाळलेल्या बोटांसाठी कुणी भरती होत नाही.

आता वाईट नोकरी कशी ओळखायची? "पगार नाही, कमिशनवर ये, सामान तुझं तू आण" असं म्हणणारं ठिकाण म्हणजे नोकरीची बांधिलकी आणि धंद्याची जोखीम, दोन्ही तुमच्याच गळ्यात. लहान दुकानांना ईएसआय बहुतेक वेळा लागूच नसतं. म्हणून पगाराआधी विचारा, ईएसआय कापता का? दिवसाला किती जणींची नखं करायची? हातमोजे कोण देतं? आणि खोलीत शिरताच नाकाला वास झोंबला, तर हवा बाहेर ओढणारा पंखा नाही हे न विचारताच कळेल.

वर्षानंतर घरी सुरू करायला माझी हरकत नाही, उलट बरंच वाटेल. घरी तुम्ही तुमच्या मालक असता. दिवसाला तीनच गिऱ्हाइकं घ्यायची, 'हेमा' नसलेला माल घ्यायचा, जेल आणि दिवा एकाच कंपनीचे ठेवायचे, हे ठरवणं तुमच्या हातात. हातमोजे नायट्राइलचे घ्या. पांढऱ्या लेटेक्समधून ही रसायनं काही मिनिटांत आरपार जातात, आणि नायट्राइलचेही गिऱ्हाइकागणिक, माल लागला तर लगेच, बदलावे लागतात. जागा मात्र स्वयंपाकघर नको. नखं काढायला लागणारं अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं, त्याची वाफ जमिनीलगत पसरते. गॅसची शेगडीच काय, देवघरातली समईसुद्धा तिला पुरते. खिडकी असलेली वेगळी खोली बघा, आणि घासताना उडणारी पूड लेकरांच्या नाकात जाणार नाही असं बसा.

घरच्या कामात अवघड जातं ते नाही म्हणणं. आपल्याकडे बायकांचे हात चिखलात, पाण्यात, कांद्या-बटाट्याच्या रानात असतात. नख पिवळं पडलेलं, जाड झालेलं किंवा मुळापासून सुटलेलं घेऊन चुलत जाऊ येते आणि म्हणते, "लग्नापुरतं झाकून दे." झाकू नका. आत बुरशी असेल तर जेलखाली ती वाढते, आणि तीच फाइल पुढच्या नवरीच्या नखाला लागते. नखात नवीन काळी रेघ दिसली, तर तिला आधी डॉक्टरकडे पाठवा.

आणि तुमचीच बोटं खाजू लागली, तर मेडिकलमधून खाज-बुरशीचं मिश्र मलम आणून लावत बसू नका. त्यातल्या स्टेरॉइडनं चार दिवस बरं वाटतं, काम सुरूच राहतं आणि अ‍ॅलर्जी आतल्या आत पक्की होते. जेलला हात लावणं त्या दिवसापासून थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्टसाठी जा. जाताना वापरत असलेल्या प्रत्येक बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून न्या.