आपला माणूस आणि आपलीच कणगी



निवडणूक आली की पारावर एकच हिशेब चालतो. कोणत्या जातीची मते किती आणि त्यात 'आपला माणूस' कोण? कापसाचा हिशेब बाजूला राहतो. आपल्या जातीच्या आमदाराने पलीकडच्या वस्तीला डावलून आपल्याकडे रस्ता आणला, तर तो विकास. दुसऱ्या जातीच्या आमदाराने तेच केले, तर ती वशिलेबाजी. मी शेतकी शिकलेला माणूस, पण माझ्या जातीच्या पुढाऱ्याने आमच्या गावाकडे वळवलेल्या पुलाला मीही कधी नावे ठेवली नाहीत.

हा रोग आपल्यापुरता नाही. आफ्रिकेतल्या केनिया देशात जात नाही, जमात आहे. तिथे जमातीचा माणूस गादीवर बसला की 'आता आमची खाण्याची पाळी' असे म्हणतात. १९७८ पर्यंत किकुयू जमातीचे जोमो केन्याटा अध्यक्ष होते. पुढे २००२ पर्यंत कालेंजिन जमातीचे डॅनियल अराप मोई. पाच अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या १९६३ ते २०११ या काळातल्या रस्त्यांचा हिशेब काढला. अध्यक्षाच्या जमातीच्या जिल्ह्यांना रस्त्यांसाठी दुप्पट पैसा मिळाला आणि पक्के रस्ते पाचपट झाले. म्हणजे लोकांचा समज अगदीच खोटा नव्हता. ज्याच्या वाट्याला कधीच रस्ता आला नाही, त्याने 'आपला माणूस' शोधला तर त्याला दोष कसा द्यावा?

पण रस्ता डोळ्यांना दिसतो, कापलेला भाव दिसत नाही. आफ्रिकेत अनेक ठिकाणी सरकारी खरेदी मंडळे शेतकऱ्याला जगातल्या भावापेक्षा कमी पैसे देत. ती तूट म्हणजे शेतकऱ्यावरचा करच. किमुली कासारा या अभ्यासक बाईंनी अनेक देशांतल्या नगदी पिकांवरचा कर तपासून २००७ साली निष्कर्ष मांडला. राज्यकर्ता आपल्या जमातीच्या शेतकऱ्याला सांभाळून घेत असेल, असे कोणालाही वाटेल. निघाले उलटेच. राज्यकर्त्याच्याच जमातीच्या शेतकऱ्यांवर कर जास्त! कारण सोपे आहे. आपल्या मुलखातले गावपुढारी त्याच्या मुठीत असतात. त्यांच्या हातून तिथली कुरकुर दाबता येते. परक्या मुलखात एवढी पकड नसते.

आता आपल्या घरात बघा. ज्वारीची लेव्ही जुन्या माणसांना आठवत असेल. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आली, तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. यवतमाळ जिल्ह्याचे, कापसाच्या मुलखातले, शेतकऱ्याच्या घरातले. व्यापाऱ्याच्या लुटीतून सोडवण्याचा हेतू सांगितला गेला. पण आपला कापूस राज्याबाहेर नेऊन विकायची आपल्यालाच बंदी झाली. आपल्या मुलखाचा माणूस म्हणून किती वर्षे आपण गप्प बसलो?

जुने जाऊ द्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपली बोंडे फुटायच्या आधीच, केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीचा हंगाम. तेव्हा आपल्या जातीचा खासदार दिल्लीत काय बोलला, हे आपल्यापैकी किती जणांनी त्याला विचारले? समाजमंदिराच्या उद्घाटनाला मात्र आपण फेटा बांधून हजर.

केनियाच्या हिशेबातली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. रस्त्यांतला हा पक्षपात एकपक्षीय राजवटीत झाला. अनेक पक्षांची निवडणूक होती त्या काळात तो दिसेनासा झाला. अध्यक्षाची जमात तेव्हाही होतीच. मग फरक कशाने पडला? त्याला अडवणारे आणि जाब विचारणारे कोणी होते, याने पडला.

मत कोणाला द्यायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. पण उमेदवार दारात आला की जात न बघता विचारा: कापसाच्या आयातीवर तू कोणत्या बाजूने बोलशील? ज्वारीच्या भावाचे काय? आणि तो 'आपला' असेल तर दोनदा विचारा. परक्याला जाब विचारायला धाडस लागत नाही. सोयऱ्याला विचारायला लागते.